खेळाचे कारभारी व खेळाडूची निष्ठा

हल्लीं आमच्या वर्गांतील मुलांच्या तोंडीं एक तक्रार वारंवार येते. मोबाइलवरील अमुक एका खेळाकडे त्याच्या मालकांचें लक्ष उरलें नाहीं. दोष दुरुस्त होत नाहींत, लबाडी करणारांस कोणी हटकीत नाहीं, विचारलें तर उत्तर मिळत नाहीं. 'मग तो खेळ सोडून कां देत नाहीं?' असें विचारतां मुलें गप्प बसतात. त्या मौनांत पुष्कळ अर्थ आहे. ज्या खेळांत आपण वर्षें घातलीं व मित्र जोडले, तो केवळ मालक बेफिकीर निघाला म्हणून टाकवत नाहीं. हाच प्रश्न पुष्कळ मोठ्या प्रमाणावर आपल्या मातींतल्या कबड्डींत उभा राहिला. ती हकीकत विद्यार्थ्यांनीं नीट अभ्यासण्यासारखी आहे.

कबड्डी, किंवा वडीलधाऱ्यांच्या बोलींत हुतुतू, हा खेळ पूर्वीं गांवोगांव निरनिराळ्या रीतींनीं खेळला जाई. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें १९२३ सालीं त्याचे नियम छापून सामने भरविले. १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें आपले देशी खेळ तेथें करून दाखविले, त्यांत हाहि होता. (अमरावती आम्हां नागपुरकरांच्या शेजारची; तेव्हां ही गोष्ट सांगतांना आमचा स्वर किंचित् चढल्यास वाचकांनीं क्षमा करावी.) १९९० सालीं बेजिंगच्या आशियाई सामन्यांत कबड्डीस पदकाचें स्थान मिळालें, आणि तेव्हांपासून २०१४ पर्यंत सातहि वेळां पुरुषांचें सुवर्णपदक भारतानेंच आणिलें.

आतां कारभाराकडे वळूं. एखादा मुलगा कितीहि चपळ असो, तो आशियाई सामन्यांस स्वतःचें नांव पाठवूं शकत नाहीं. जिल्ह्याची संघटना, मग राज्याची, मग देशाची, अशा पायऱ्यांनीं त्यास जावें लागतें. आणि देशाच्या संघटनेसहि आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता लागते. प्रत्येक पायरीवर किल्ली दुसऱ्याच्या हातीं! मोबाइलच्या खेळास कंटाळलेला मुलगा निदान दुसरा खेळ उघडूं शकतो. कबड्डीपटूस दुसरें दार नाहीं. कारभारी झोपी गेला तर खेळाडूचीं वर्षें जातात, आणि तीं मुळांत थोडीं असतात.

भारतीय हौशी कबड्डी महासंघाचें अध्यक्षपद सुमारें २८ वर्षें जनार्दनसिंह गेहलोत ह्यांजकडे होतें. पुढें त्यांस आजीव अध्यक्ष करण्यांत आलें, व अध्यक्षपद त्यांच्या पत्नीकडे गेलें. ऑगस्ट २०१८ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें ह्या दोन्ही नेमणुका बेकायदेशीर ठरवून महासंघावर प्रशासक नेमला. त्याच महिन्यांत जाकार्ता येथें पुरुषांचा संघ उपांत्य सामन्यांत इराणकडून हरला, व महिलांचा संघ अंतिम सामन्यांत इराणकडूनच. पराभवाचें सारें खापर कारभाऱ्यांच्या माथीं फोडणें न्याय्य होणार नाहीं. इराणचे खेळाडू खरोखरच उत्तम खेळले. परंतु निवड चोख झाली नाहीं, अशी तक्रार संघ रवाना होण्यापूर्वींच न्यायालयांत गेली होती. न्यायालयाच्या हुकुमावरून १५ सप्टेंबर २०१८ रोजीं जाकार्त्यास गेलेले व वगळलेले खेळाडू ह्यांचा सामना ठरला. वगळलेले हजर झाले. गेलेले आले नाहींत.

मौज अशी कीं, ह्याच वर्षीं ह्या खेळांत पैशाला भरती आली होती. २०१४ सालीं सुरू झालेल्या प्रो कबड्डीच्या लिलावांत प्रथमच एका खेळाडूवर एक कोटी रुपयांची बोली लागली, आणि तो खेळाडू इराणचा!

प्रशासकाची नेमणूक म्हणजे तात्पुरती मलमपट्टी. ती सहा वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली. डिसेंबर २०२३ मध्यें निवडणूक झाली, तरी सूत्रें निवडून आलेल्या समितीकडे गेलीं नाहींत, आणि २०२४ मध्यें आंतरराष्ट्रीय संघटनेनें भारतीय महासंघाची मान्यता स्थगित केली. इराणांत आशियाई महिला स्पर्धा जवळ येत होती. अशा वेळीं सर्वोच्च न्यायालयाचें दार ठोठावलें तें दोन महिला खेळाडूंनीं.

अशा खेळाडूंस कित्येक वडील मंडळी 'घरचें भांडण चव्हाट्यावर आणणारे' म्हणतात. आम्हांस हें मत मान्य नाहीं. कारभारी हा खेळाचा विश्वस्त होय, धनी नव्हे. त्याच्यापुढें मान डोलावणें ह्यास निष्ठा म्हणतां येत नाहीं. ज्यास खेळाची पर्वा नाहीं तो न्यायालयाच्या पायऱ्या कशास झिजवील? तो मुकाट्यानें दुसऱ्या उद्योगास लागेल.

फेब्रुवारी २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें महासंघाचीं सूत्रें निवडून आलेल्या समितीच्या हातीं देण्यास प्रशासकास सांगितलें. मान्यतेचा अडसर निघाला, व मुली तेहरानला पोहोंचल्या. तेथें मार्च महिन्यांत अंतिम सामना इराणशींच पडला, आणि त्यांनीं तो ३२ विरुद्ध २५ गुणांनीं जिंकला.