पावतीवर नाव कुणाचं?

छोटे, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, माझ्या उसाच्या संशोधनाच्या पेपरात वरच्या साहेबांचं नाव घालायला सांगितलंय, आणि माझं तिसऱ्या क्रमांकावर ढकललंय." तेव्हा मी गप्प बसले, कारण एकदा मीही तेच करून बसलेय.

अण्णांनी एका हंगामात ऊस काकांच्या नावावर घातला होता, आठवतं? कारखान्याकडं आपली नोंद वेळेत झाली नव्हती. काट्याच्या पावतीवर नाव काकांचं, बिल काकांच्या खात्यात. काकांनी पै न् पै आणून दिली. पण पुढच्या वर्षी सोसायटीत कर्जाला गेलो, तर कागदावर आपला ऊसच नव्हता! पेपरचंही तसंच असतं बघ. उद्या मुलाखतीत कुणी तुझ्या गुडघाभर चिखलाचं विचारत नाही, पहिलं नाव कुणाचं ते बघतात.

लेखक कुणाला म्हणायचं, यावर वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी नियम घालून दिलेत. त्यांची मंडळी १९७८ साली व्हँकुव्हरला जमली होती, तिथून ही वाट सुरू झाली. शेतीच्या पेपरांनाही तो मापदंड लावून बघता येतो. लेखक व्हायला चार गोष्टी लागतात, चारही. प्रयोगाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा. मसुदा लिहिणं किंवा त्यावर खरं काम करणं. शेवटच्या प्रतीला मान्यता. आणि २०१३ पासून चौथी, कुणी बोट ठेवलं तर उत्तर द्यायची जबाबदारी. नुसता निधी आणला किंवा विभागप्रमुख आहे, एवढ्यावर नाव लागत नाही. आणि एक बारीक गोष्ट लोक विसरतात: कामात मोठा वाटा असलेल्याला मसुदाच न दाखवता 'लिहिलं कुठं त्यानं' म्हणून गाळायचं, हेही चालत नाही.

नावात श्रेय कसं द्यायचं, ते उसाच्या जातींत बघ की. 'को' म्हणजे कोइमतूर. तिथं ऊस चांगला फुलतो, म्हणून संकर तिथं होतात. निवड इकडं पाडेगावला झाली की पुढं 'एम' लागतो, महाराष्ट्राचा. पाडेगावचा फुले २६५ म्हणजे को एम ०२६५. संकर कुणाचा, निवड कुणाची, दोन्ही नावातच आलं. उसाला जमतं ते आपल्याला जमू नये?

माझी चूक सांगते. माझ्या पहिल्या पेपरात एका साहेबांचं नाव मी आपण होऊन घातलं. त्यांनी प्लॉट पाहिलाही नव्हता. वाटलं, नाव बघून पेपर लवकर निघेल. पुढं एका तक्त्यातली बेरीज चुकलेली निघाली, तेव्हा ते म्हणाले, "मला काय माहीत?" खरंच होतं ते! मान खाली घातली मी.

तू आज रात्रीच गाइडना मेल कर. भांडू नकोस. आखणी, नोंदी, विश्लेषण, लेखन, कुणी काय केलं ते तारखांसकट मांड आणि विचार, "सर, क्रम कसा ठरवूया?" क्रम सगळ्या लेखकांनी मिळून ठरवायचा असतो, संपादक त्यात पडत नाहीत. खरं तर हे बोलणं लागणीच्या आधी व्हायला हवं होतं. असो.

आणि ते मामा, पहाटे दव असताना तुझ्याबरोबर सरीतून फिरले, उभ्या उसाला टोचून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर धरला, ब्रिक्सचा आकडा ओरडून सांगितला. त्यांचं नाव ऋणनिर्देशात तरी येऊ दे. पण आधी त्यांना विचार. परवानगी लागते त्याला, आणि आडनाव कसं लिहितात तेही कळेल.