धर्मशिक्षणाची पहिली शाळा

‘मूल कॅथलिक शाळेत घातले, आता धर्मशिक्षणाची काळजी नाही,’ असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. पण १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणविषयक घोषणापत्रात आईवडिलांनाच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक म्हटले. कॅथलिक शाळेत सर्व धर्मांची मुले शिकतात. मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीविना धार्मिक शिक्षणाची सक्ती नको, असे संविधानाचे कलम २८ सांगते. ते योग्यच आहे, कारण श्रद्धा लादता येत नाही. शाळा शिस्त व सेवाभाव देईल. प्रार्थनेची गोडी घरीच लागते. देवरूखमध्ये इतर शाळांत जाणाऱ्या आपल्या मुलांनाही हेच लागू आहे. परीक्षा आली की शिकवणी चालू राहते, धर्मशिक्षणाचा वर्ग मात्र बुडतो. मग मुलाने काय महत्त्वाचे मानावे? या आठवड्यात रोज जेवणाआधी मुलांसोबत शुभवर्तमानाचा एक उतारा वाचू या.