अर्ध्यावर अडकलेली केबिन

जालन्याच्या एमआयडीसीतून सळई भरून आमची गाडी बाहेर पडली आणि रेडिएटरचा होज गळायला लागला. माल नागपूरचा, समृद्धी महामार्गाने जायचा. त्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर मिस्त्री मिळणं कठीण, म्हणून काम इथेच उरकायचं ठरलं. केबिन उचलायला घेतली तर अर्ध्यावर येऊन थांबली. केबिन उचलायच्या पंपाचं हँडल हलकं पडलं होतं. केबिन वर जाईना, खालीही येईना.

फिटर म्हणाला, “शेठ, ऑइल सोडू, आपोआप बसेल.” त्यानं जॅकच्या नळीच्या नटाला पाना लावला. क्लीनर पोरगं तेव्हा इंजिनावर वाकलेलं. मी त्याचा दंड धरून मागे ओढलं, तेवढ्यात नट सुटला. ऑइलचा फवारा उडाला आणि केबिन धाडकन खाली आली. क्षणभरापूर्वी पोराचं डोकं तिथेच होतं.

स्लीपर केबिन म्हणजे टनाच्या घरातलं ओझं. अर्ध्यावर असताना ते सगळं फक्त ऑइलच्या दाबावर उभं असतं. पूर्ण पुढे कलली की ती स्वतःच्या वजनाने पुढे झुकते, पण तिथेही नळी फुटली तर ती जागची हलू शकते. म्हणून अडकलेल्या केबिनची नळी कधीही सैल करायची नाही. आधी क्रेनने किंवा भक्कम आधाराने तिला धरायचं, मग पाना हातात घ्यायचा.

बहुतेक वेळा दोष साधाच असतो. पंपावरचा खटका ‘वर’ आणि ‘खाली’ यांच्या मध्येच राहिलाय का, ते आधी बघा. हँडल दगडासारखं घट्ट आणि केबिन हलत नसेल तर मागचं लॉक सुटलेलं नसतं. जोर लावत बसू नका. हँडल हलकं पडलं तर ऑइल कमी किंवा आत हवा. ऑइलची पातळी केबिन पूर्ण खाली असतानाच बघायची, कारण वर असताना बरंचसं ऑइल जॅकमध्ये असतं; तेव्हा टाकी भरली की केबिन उतरवताना ते बाहेर सांडतं. हवा असेल तर ऑइल भरून केबिन पूर्ण वर-खाली केली की बहुधा निघून जाते. उचललेली केबिन हळूहळू बसत असेल तर सील किंवा व्हॉल्व्ह गेला समजा.

आमच्या गाडीत कुणीतरी ब्रेक ऑइल ओतलं होतं. त्यानं सील फुगले, गळती लागली. पुस्तकात लिहिलंय तेच ऑइल घाला. बारीक गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. दाबाचं ऑइल कातडीत शिरलं तर बोट कापायची वेळ येऊ शकते. आणि केबिन खाली घेतल्यावर लॉक बसल्याची खात्री करून खटका ‘खाली’वर ठेवल्याशिवाय गाडी हलवू नका.

केबिन पूर्ण उचलल्यावर लावायचा टेकू कित्येक गाड्यांत हरवलेला असतो. आपल्या जालन्यात सळईचे तुकडे पायाखाली पडलेले, म्हणून कुणीही एखादा तुकडा खाली देतं. तो वाकतो, निसटतो. गाडीच्या कंपनीचा टेकू आणून गाडीतच ठेवा, आणि तो लागेपर्यंत क्लीनरला केबिनखाली जाऊ देऊ नका.