नळ कोरडा असतो तेव्हा

नळाला पाणी येते तेव्हा आपण ते गढूळ आहे का, त्याला वास येतो का, हे बघतो. नळ गेला की आपले लक्षही जाते. माझे म्हणणे असे की यवतमाळसारख्या गावात खरी काळजी त्या कोरड्या वेळीच घ्यायची असते. वाहिनीत दाब असेपर्यंत तिच्या भेगेतून पाणी बाहेर जाते, बाहेरचे आत येत नाही. पुरवठा थांबला की उरलेले पाणी उताराकडच्या घरांकडे ओसरते, मागे पोकळी तयार होते आणि तीच भेग, तीच सैल जोडणी बाहेरचे आत ओढू लागते. नालीच्या कडेने, कधी तर नालीतूनच घरात गेलेला नळाचा पाइप आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतो; तो काय ओढत असेल ते वेगळे सांगायला नको. शिवाय वाहिनी फक्त रस्त्यातूनच ओढते असे नाही. अंगणातल्या नळाची रबरी नळी कपड्यांच्या बादलीत बुडालेली राहिली, तर ती बादलीही वाहिनीत रिती होऊ शकते.

निळोणा आणि चापडोह ही यवतमाळ शहराची जुनी धरणे. २०१७ मध्ये पाऊस कमी पडला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात लोकांना दोन-दोन आठवडे नळाची वाट पाहावी लागली. त्या दिवसांची आठवण टंचाई म्हणून निघते, आणि ती टंचाई होतीच. पण दोन पाळ्यांमधले अंतर वाढते तसा वाहिनी कोरडी राहण्याचा काळही वाढतो, ही बाजू चर्चेत येत नाही. म्हणून नळ आल्यावरचे पहिले पाणी, गढुळपणा आणि वास जाईपर्यंत, पिण्याच्या भांड्यात घेऊ नये. ते सडा-सारवणाला, संडासाला वापरावे. टंचाईत हे जड जाते हे मला कळते, तरी हे पाणी वाया जात नाही, फक्त त्याची जागा बदलते.

“मोटर लावल्याशिवाय आमच्याकडे पाणी चढतच नाही,” हा आक्षेप खोटा नाही. दाब नसेल तर माणूस दुसरे काय करणार? पण थेट नळाला जोडलेली मोटर वाहिनीत पोकळी वाढवते आणि नालीतली घाण आपल्या घराबरोबर शेजाऱ्याच्याही घरात ओढते. जमिनीत टाके बांधावे, नळाचे पाणी त्यात वरून आपोआप पडू द्यावे आणि मोटरने ते टाक्यातून वर चढवावे. खर्च आहे, पण शेजारी-शेजारी मिळून एक टाके करता येते. बोअरचे पाणी आणि नळाचे पाणी एकाच पाइपात टी लावून जोडणे त्याहून वाईट. व्हॉल्व्ह बंद करायचा राहिला की बोअरची मोटर आपले पाणी दाबाने सार्वजनिक वाहिनीत ढकलते. आपल्या जिल्ह्यात केळापूर, झरी जामणीकडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड आहे, आणि ते उकळून जात नाही. पाणी आटल्याने उलट त्याचे प्रमाण वाढते. दोन्ही पाणी हवे असेल तर दोन वेगळे पाइप टाकीच्या तोंडापर्यंत न्यावेत.

“आमच्या एका नळाने काय होणार, दोष तर योजनेचा,” असेही लोक म्हणतात. योजनेचा दोष असतोच आणि तो ठणकावून विचारायला हवा. पण १९३३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शनाला आलेल्या पाहुण्यांत अमीबाच्या आवेची साथ पसरली, ९८ माणसे गेली, आणि उगम सापडला तो हॉटेलांच्या आतल्या सदोष नळजोडण्यांत. इमारतीच्या आतली चूकही जीव घेते. त्यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे मधली मोकळी हवा. नळाचे तोंड आणि पाण्याची सर्वांत वरची पातळी यांत नळाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि निदान एक इंच अंतर असावे. टाकीत येणारा पाइप ओव्हरफ्लोच्या वर सुटला पाहिजे, तो पाण्यात बुडता कामा नये. हवेतून पाणी उलटे चढत नाही, म्हणून या उपायाला बिघडायला काही नाही. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह जरूर बसवावा, पण त्याची झडप एखाद्या खड्याने किंवा क्षाराच्या थराने उघडी राहते. तो दुसरा पहारेकरी, पहिला नव्हे.

घरात आरओ आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांना मी एवढेच विचारेन की दात कशाने घासता, कोथिंबीर कशाने धुता? आरओचे पाणी पेल्यापुरते असते. टाकीतले पाणी सगळ्या घराला लागते. हिपॅटायटिस ई ची कावीळ अशाच दूषित पाण्यातून पसरते, आणि शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईला ती झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावतात. घरात सून किंवा लेक दिवसांत असेल तर पिण्याचे पाणी उकळूनच द्यावे, आणि तेवढ्यावर न थांबता टाकी धुऊन पाइप कुठे बुडतो ते त्याच आठवड्यात बघावे.

फ्लोराइडसारखीच आणखी एक गोष्ट उकळून जात नाही, ती म्हणजे शेतातले कीटकनाशक. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली. ते विष श्वासातून आणि कातडीतून गेले होते. पण तेच औषध पाण्यात जायची वाट आपण रोज मोकळी ठेवतो. बोअरची नळी औषधाच्या ड्रममध्ये बुडवून ठेवलेली असते, तेवढ्यात लाईन जाते, मोटर थांबते, पाइपातले पाणी खाली उतरते आणि त्यामागे ड्रमातले औषध बोअरमध्ये ओढले जाऊ शकते. नळी काठाच्या चार बोटे वर बांधून ड्रम आधी नुसत्या पाण्याने भरावा, मग नळी काढून बाजूला ठेवावी, आणि त्यानंतरच औषधाच्या बाटलीचे झाकण उघडावे.