पाठ १२ : शिदोरी श्रमाची

१२.१ प्रस्तावना

विद्यार्थिमित्रांनो, प्रवासाने माणूस शहाणा होतो, असे आपण नेहमी ऐकतो. परंतु पैसे मोजून पाहिलेला प्रदेश आणि घाम गाळून अनुभवलेला प्रदेश यांत फरक असतो. ऑस्ट्रेलियात १९७५ पासून परदेशी तरुणांसाठी ‘वर्किंग हॉलिडे’ ही योजना चालू आहे. काही काळ काम करावे आणि त्या मिळकतीवर देश पाहावा, असे तिचे स्वरूप आहे. याच प्रकारच्या व्हिसाची सोय २०२४ पासून भारतीयांनाही उपलब्ध झाली. १८ ते ३० वर्षे वयोगटातील पात्र अर्जदारांमधून सोडत काढून वर्षाला एक हजार जणांना ही संधी देण्याची ती तरतूद आहे.

प्रस्तुत पाठात क्वीन्सलँडच्या पावसाळी किनाऱ्यापासून खंडाच्या रूक्ष अंतर्भागापर्यंत गेलेल्या एका दांपत्याची वाटचाल वर्णिली आहे. हे दांपत्य प्रातिनिधिक आहे. प्रदेश, नियम आणि इतिहास मात्र वास्तव आहेत.

१२.२ उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण–
• श्रम आणि प्रवास यांचा संबंध स्पष्ट करू शकाल;
• उष्ण कटिबंधीय किनारा व अंतर्भाग यांच्या जीवनातील फरक सांगू शकाल;
• परक्या प्रदेशातील कामगाराचे हक्क व अडचणी ओळखू शकाल;
• पाठातील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करू शकाल.

१२.३ मूळ पाठ

(१)

तो आयर्लंडमधील एका गावात सुतारकाम करीत होता. ती ग्रंथालयात लेखनिक होती. विवाहानंतर दोघांनी ऑस्ट्रेलियाचा एक वर्षाचा व्हिसा घेतला आणि ती केर्न्स शहरी उतरली. एका वर्षात एवढा मोठा देश पाहून होणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मिळू शकतो. पण त्यासाठी ठरावीक ग्रामीण भागात, ठरावीक स्वरूपाचे तीन महिने, म्हणजे किमान ८८ दिवस, काम करावे लागते. शेतीला मजूर मिळावेत म्हणून हा नियम २००५ मध्ये आला. व्हिसा प्रत्येकाच्या नावावर स्वतंत्र असतो. पतीचे दिवस पत्नीच्या खात्यात जमा होत नाहीत. संसार एक असला तरी हजेरी दोन!

केर्न्सच्या दक्षिणेस इनिसफेल आणि टली ही गावे आहेत. केळी म्हटली की आपल्याला जळगाव आठवते; ऑस्ट्रेलियाला हा पट्टा आठवतो. टली येथे १९५० साली सुमारे ७,९०० मिलिमीटर पाऊस पडला. त्याची आठवण म्हणून तेवढ्याच उंचीचा एक भला मोठा गमबूट गावात उभारला आहे. या पावसात काम थांबत नाही. झाडाला लटकलेला घड एकाच्या खांद्यावर घेतात, दुसरा दांडा कापतो, आणि तीसचाळीस किलोंचे ओझे एकदम अंगावर येते. पुढे शेडमध्ये घडाच्या फण्या सोडवून, धुऊन, निवडून खोक्यांत भरतात. तो घड वाहू लागला. ती शेडमध्ये उभी राहू लागली.

बागेत शिरताना व बाहेर पडताना बूट जंतुनाशकाने धुवावे लागत. २०१५ मध्ये टलीच्या खोऱ्यात केळीवरील पनामा रोगाचा घातक प्रकार आढळला. त्याची बुरशी मातीतून पसरते. बुटाला चिकटलेला चिखलही दुसऱ्या बागेचा घात करू शकतो. वादळांचे भय वेगळेच. २००६ मध्ये ‘लॅरी’ आणि २०११ मध्ये ‘यासी’ या चक्रीवादळांनी देशातील केळीचे बहुतांश पीक भुईसपाट केले. समुद्र हाकेच्या अंतरावर, परंतु पावसाळ्यात त्यात विषारी जेलीफिश असतात आणि खाड्यांत मगरी. चित्रातील निळे पाणी त्या दोघांनी बरेचदा काठावरूनच पाहिले.

(२)

अडचण निराळ्याच ठिकाणी उभी राहिली. तो पूर्णवेळ कामावर होता, त्यामुळे त्याच्या साप्ताहिक सुट्ट्याही मोजल्या गेल्या. तिला मात्र माल असेल तेव्हाच बोलावणे येई. जेवढे दिवस काम, तेवढेच दिवस हिशेबात. त्याचे ८८ दिवस भरले तेव्हा तिचे २२ उरले होते. शेडच्या कंत्राटदाराने सुचविले, “उरलेल्या दिवसांची मजुरी सोडून द्या, मी दिवस लिहून देतो.”

मोह मोठा होता. बिनपगारी काम नियमात बसत नाही, हे दोघांना माहीत होते. पण तक्रार केली तर राहते घरही जाईल, कारण खोली त्याच कंत्राटदाराची होती. परदेशी मजुराची दुर्बलता नेमकी येथे असते. ज्याच्या हाती मजुरी, त्याच्याच हाती निवारा आणि त्याच्याच हाती पुढील वर्षाचा पुरावा. नियम सुधारत गेले आहेत. नगावर फळे तोडणाऱ्यालाही तासाची किमान मजुरी मिळालीच पाहिजे, असा दंडक एप्रिल २०२२ पासून लागू झाला. तथापि आपला हक्क मागण्यास मजुराच्या अंगी धीर लागतो. तिने रोजच्या कामाचे तास वहीत टिपले होते आणि पगाराच्या पावत्या जपल्या होत्या. तिने नकार दिला. दोघांनी तिचे ६६ दिवस पावत्यांसह पदरात घेतले आणि खोली सोडली.

त्याचे काम झाले होते. तो मोकळेपणाने देश पाहत फिरू शकला असता. तो म्हणाला, “तुझे बावीस दिवस माझेही आहेत.” अतिदुर्गम भागातील पर्यटन व खानपान सेवेतील काम २०२१ पासून या हिशेबात धरले जाते. त्यांनी अंतर्भागातील एका रोडहाउसवर काम मिळविले.

(३)

टाउन्सव्हिलहून पश्चिमेकडे माउंट आयझापर्यंतचा रस्ता सुमारे ९०० किलोमीटर आहे. हिरवे डोंगर मागे पडतात, मग विरळ झाडे, मग नुसते गवत आणि तांबडी माती. तीनचार डबे जोडलेले, पन्नास मीटरहून लांब ट्रक समोरून येतात तेव्हा गाडी हादरते. संध्याकाळनंतर कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम करावा लागतो. पाणी भरपूर बरोबर ठेवावे आणि गाडी बिघडली तर तिला सोडून चालू लागू नये, हे येथील पहिले दोन धडे.

याच वाटेवर क्लोनकरी आहे. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या प्रयत्नांतून मे १९२८ मध्ये येथून विमानाने एक डॉक्टर ज्युलिया क्रीकला गेला आणि ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवेचा प्रारंभ झाला. जेथे शेजारी शंभर किलोमीटरवर असतो, तेथे आजारी माणसाला केवळ नशिबावर सोडायचे नाही, हा तिचा निर्धार. त्याच रेडिओ यंत्रणेवर १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज येथे ‘स्कूल ऑफ द एअर’ सुरू झाले. दूरच्या पशुफार्मवरील मुले रेडिओवरून शिक्षकांशी बोलू लागली. आज ती इंटरनेटवरून शिकतात. घरी बसून शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना ही शाळा परकी वाटू नये.

रोडहाउसवर तो पेट्रोल भरी व मोडके दरवाजे दुरुस्त करी. ती स्वयंपाकघर सांभाळी. एकच खोली, तेच चार चेहरे, बाहेर अफाट मोकळीक आणि आत जागा नाही. क्षुल्लक कारणांवरून खटके उडू लागले. चहाचा कप धुण्यावरून दोन दिवस अबोला झाला. तेव्हा दोघांनी कामाची वाटणी बदलली: आठवड्यातून एक दिवस तो स्वयंपाक करी, ती पंपावर उभी राही. दुसऱ्याचे काम हाती घेतल्यावर दुसऱ्याचा थकवा कळला. बावीस दिवस पूर्ण झाले तरी ती दोघे ठरल्याप्रमाणे महिनाभर तेथे राहिली.

(४)

पुढे ती ॲलिस स्प्रिंग्जला गेली. ॲडलेड ते डार्विन धावणारी ‘द घान’ ही रेल्वे येथून जाते. तिचे नाव उंटवाल्यांवरून पडले. आजच्या अफगाणिस्तान, पाकिस्तान व भारत या प्रदेशांतून एकोणिसाव्या शतकात आलेल्या या माणसांना तेथे सरसकट ‘अफगाण’ म्हणत. त्यांच्या उंटांनी या वाळवंटात माल वाहिला. म्हणजे परक्या मजुराचा घाम या मातीला नवा नाही.

शेवटी उलुरू. ३४८ मीटर उंचीचा हा तांबडा खडक अनंगू आदिवासींना पवित्र आहे. १९८५ मध्ये ही भूमी त्यांना परत मिळाली. खडकावर चढण्यास २०१९ पासून मनाई झाली. ती दोघे खडकाभोवतीच्या सुमारे दहा किलोमीटरच्या वाटेने पायी फिरली. माथ्यावर न जाण्याचे दुःख त्यांना झाले नाही. टलीच्या बागेत बूट धुतल्याशिवाय शिरायचे नाही, हे ज्यांनी शिकले, त्यांना यजमानाची मर्यादा पाळणे अवघड कसे वाटावे?

१२.४ शब्दार्थ

शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले अन्न, (येथे) आधार
फणी – केळीच्या घडातील एक थर
दंडक – नियम
रोडहाउस – निर्जन महामार्गावरील पेट्रोल, भोजन व मुक्कामाचे ठिकाण
खटके उडणे – वाद होणे
पदरात घेणे – मिळवून आपलेसे करणे

१२.५ पाठगत प्रश्न

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. बागेत शिरताना बूट का धुवावे लागत?
२. तिचे दिवस त्याच्यापेक्षा कमी का भरले?
३. ‘द घान’ हे नाव कशावरून पडले?

१२.६ आपण काय शिकलात?

• श्रमातून प्रदेशाची ओळख अधिक खोल होते.
• हक्काची माहिती व लेखी नोंद हा दुर्बल कामगाराचा आधार असतो.
• सहजीवनात दुसऱ्याच्या कष्टांची जाणीव आवश्यक असते.
• पाहुण्याने यजमान भूमीच्या मर्यादा पाळाव्यात.

१२.७ पाठान्त प्रश्न

१. ‘संसार एक असला तरी हजेरी दोन’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
२. कंत्राटदाराचा प्रस्ताव नाकारण्याचा निर्णय आपणांस योग्य वाटतो का? सकारण लिहा.
३. आपल्या परिसरात बाहेरून कामासाठी आलेल्या एखाद्या कामगाराशी बोलून त्याच्या अनुभवावर दहा ओळी लिहा.
४. ‘घाम गाळणे’ आणि ‘खटके उडणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

१२.८ पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. मातीतून पसरणारी पनामा रोगाची बुरशी दुसऱ्या बागेत जाऊ नये म्हणून.
२. ती पूर्णवेळ कामावर नसल्यामुळे प्रत्यक्ष काम केलेलेच दिवस मोजले गेले.
३. ‘अफगाण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंटवाल्यांवरून.