अंगाचं माप, शर्टाचं माप

अण्णांच्या पंचाहत्तरीला त्यांचा शर्ट मी घेणार, हे मी महिनाभर आधीच घरात सांगून ठेवलं होतं. पांढरा, पूर्ण बाहीचा, चांगल्या सुती कापडाचा. माप कळवलं की शर्ट शिवून घरपोच पाठवणारी एक कंपनी मोबाइलवर सापडली. रविवारी सकाळी अण्णांना उभं केलं, शिवणाच्या डब्यातली टेप काढली. छाती 40 इंच भरली. तोच आकडा फॉर्ममध्ये लिहिला, पैसे भरले आणि निर्धास्त झालो.

कार्यक्रमाच्या दिवशी शर्ट अंगात चढला, बटणंही लागली. पण छातीवरच्या दोन बटणांमध्ये फट पडत होती आणि मुंढा काचत होता. अण्णा काही बोलले नाहीत. पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळणं झालं, एकेक जण पाया पडायला येऊ लागला. नात वाकली. तिच्या डोक्यावर ठेवायला अण्णांनी हात उचलला तो अर्ध्यावरच अडला. कोपर अंगाशी धरूनच त्यांनी तिला आशीर्वाद दिला. मला ते फार लागलं.

रात्री फॉर्म पुन्हा उघडला. तिथे तयार शर्टाचं माप मागितलं होतं, मी अंगाचं दिलं होतं. 40 इंच छातीवर 40 इंचांचा शर्ट! मग अण्णांचा रोजचा शर्ट बटणं लावून पलंगावर सपाट पसरला आणि काखेच्या इंचभर खाली मोजला. या कडेपासून त्या कडेपर्यंत 22 इंच, म्हणजे घेर 44. ज्या शर्टात ते सुखाने वावरतात तो अंगापेक्षा 4 इंचांनी मोठा होता. हे मला पाच मिनिटांत, घरच्या घरी कळलं असतं.

म्हणून पहिलं सांगणं हे. अंगावर उत्तम बसणारा एक शर्ट आधी मोजा. अंगाचं माप आणि शर्टाचं माप यांतला फरक म्हणजे ढिलाई. रोजच्या शर्टाला छातीत साधारण 4 इंच ढिलाई लागते, अंगासरशी हवा असेल तर 3, ऐसपैस हवा असेल तर 5 ते 6. माप देताना समोरच्याला यांतलं कोणतं हवं आहे, ते विचारल्याशिवाय आकडा सांगू नका.

दुसरा शर्ट मी आमच्या गल्लीतल्या टेलर मास्तरांकडे टाकला. अण्णा सवयीने ताठ उभे राहिले, छाती पुढे काढून. मास्तर टेप गळ्यात तशीच ठेवून म्हणाले, "अण्णा, हात सैल सोडा. घरी असता तसे उभे राहा." अण्णांनी श्वास सोडला, खांदे थोडे पुढे आले, पाठ किंचित वाकली. मग मास्तरांनी मोजायला सुरुवात केली. मागचा भाग पुढच्यापेक्षा थोडा लांब धरला, कारण वाकलेल्या पाठीवर शर्ट मागून वर ओढला जातो. आकडे ते मोठ्याने सांगत होते, पोऱ्या वहीत लिहीत होता, आणि शेवटी त्याच पानाला कापडाची चिंधी टाचली गेली. मी मोजलं होतं ते ताठ उभ्या राहिलेल्या अण्णांना. शर्ट घालून दिवसभर वावरणारे अण्णा निराळे होते.

मास्तरांकडे पाहून शिकलो ते असं. स्वतःचं माप स्वतः घेऊ नका. हात हलला की टेप हलते. छाती काखेखालून, सगळ्यांत भरलेल्या जागी मोजा आणि टेप पाठीवर घसरली नाही ना, ते मोजणाऱ्याने मागे जाऊन पाहावं. खांदा पाठीमागून, एका हाडाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घ्या. गळा मोजताना टेपच्या आत दोन बोटं राहू द्या. पोट उभ्याने मोजा, बसूनही मोजा; बसल्यावर वाढतं ते खरं. बाही खांद्याच्या टोकापासून मनगटाच्या हाडापर्यंत, कोपर जरा वाकवून, आणि दोन्ही हातांची. अण्णांचा उजवा हात अर्धा इंच लांब निघाला.

टेपसुद्धा तपासा. कापडी टेप वर्षानुवर्षं ताणून लांबते आणि मग आकडा कमी दाखवते. स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली तेव्हा आमची टेप फुटामागे एक दोरा चुकत होती.

तयार शर्ट घेताना लेबलावरच्या आकड्याला भुलू नका. आपल्याकडे फॉर्मल शर्टावरचा 40 हा पुष्कळदा कॉलरचा घेर असतो, तोही सेंटीमीटरमध्ये, म्हणजे पावणेसोळा इंच. दुसऱ्या एखाद्या शर्टावर तोच 40 छातीचे इंच सांगतो. अमेरिकेतून कोणी बाहीचं माप विचारलं तर आणखी जपा. तिथे बाही मानेच्या मागच्या मध्यापासून मोजतात. आपली 25 इंचांची बाही, अधिक 18 इंच खांद्याचा निम्मा भाग 9, असे तिथे 34 होतात.

सुती कापड आटतं, हेही धरून चला. 100 इंचांत 3 इंच आटणारं कापड 44 इंचांच्या घेरातून सव्वा इंच खातं. मास्तरांनी आमचं कापड आधी रात्रभर भिजवून, वाळवून, मगच कापलं.

शर्ट हातात आला की आरशासमोर नुसतं उभं राहून समाधान मानू नका. खुर्चीत बसा, दोन्ही हात जोडा, वरच्या फळीवरचा डबा काढायचा आहे असा हात उंच करा. कुठे ओढ बसली तर तिथल्या तिथे सांगा. आणि मापं तारीख घालून लिहून ठेवा. अंग बदलतं, वर्षभराने पुन्हा घ्या.

मास्तरांचा शर्ट आला त्या दिवशी अण्णांनी तो घातला आणि मी काही म्हणायच्या आत नातीला हाक मारली. ती आली, वाकली. या वेळी हात तिच्या डोक्यापर्यंत पोहोचला आणि बराच वेळ तिथेच राहिला.