विजेवर चालणारी खुर्ची : अडली तर आधी काय पाहावे

मागच्या नाताळाच्या आधी आम्ही आपल्या परिसरातील एका शेतकरी बांधवाच्या घरी गेलो होतो. चार वर्षांमागे फणसावरून पडून त्याचे कमरेखालचे अंग गेले. भावाबहिणींनी पैसे जमवून त्यास विजेवर चालणारी खुर्ची घेऊन दिली होती. ती खुर्ची पडवीच्या कोपऱ्यात उभी, तिच्यावर रिकामी पोती आणि पोत्यांवर एक कोंबडी. "खुर्ची मेली हो," घरची बाई म्हणाली. दोन महिने तो अंथरुणालाच होता, आणि माकडहाडाशी जखम व्हायला लागली होती. दुकानदारास फोन केला तर तो म्हणे, शहरात घेऊन या. एवढे धूड न्यायचे कशात?

आम्ही वाकून मागच्या चाकांशी पाहिले. दोन्ही मोटारींच्या लिव्हर मोकळ्या बाजूला ओढलेल्या होत्या. पाऊस सरल्यावर भिंतींना चुना मारताना कोणीतरी खुर्ची ढकलून बाजूला केली, आणि लिव्हर परत जागेवर टाकायची राहून गेली. त्या जागेवर टाकल्या, कळ दाबली, खुर्ची चालली. दोन महिन्यांचे अंथरूण एवढ्याशा गोष्टीपायी! म्हणून हा पाठ. घरात अशी खुर्ची असेल त्यांनी तर वाचावाच, पण शेजाऱ्यांनीही वाचावा, कारण मदतीला हाक त्यांनाच जाते.

ही खुर्ची तशी नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी होऊन हातपाय गमावल्यासारखे झालेल्या सैनिकांसाठी कॅनडातील जॉर्ज क्लाइन या अभियंत्याने ती तयार केली, आणि १९५० नंतरच्या दशकात ती बाजारात आली. मूळ रचना आजही बरीचशी तीच आहे. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून २४ व्होल्ट होतात. मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटार असते. हाताशी कंट्रोलरची पेटी असते आणि तिच्यावर उभी दांडी, जिला जॉयस्टिक म्हणतात. डावे चाक वेगाने आणि उजवे हळू फिरले की खुर्ची उजवीकडे वळते. बैलांच्या जोडीतला एक मागे राहिला की गाडी कशी वळते, तसेच हे.

दांडी जितकी जास्त लोटाल तितका वेग. सोडली की ती आपोआप मध्ये येते, खुर्ची हळू होऊन थांबते आणि ब्रेक लागतो. हा ब्रेक विजेने सुटतो आणि वीज गेली की लागतो, हे पक्के ध्यानात ठेवावे. म्हणून बॅटरी संपली तरी खुर्ची उतारावर पळत नाही. पण मघाशी सांगितलेल्या लिव्हर मोकळ्या केल्या की मोटार आणि ब्रेक दोन्ही चाकापासून सुटतात. मग खुर्ची म्हणजे नुसता गाडा. उतारावर, आणि माणूस बसलेला असताना, त्या लिव्हरना हात लावूच नये.

थांबण्यासाठी दांडी सोडावी, चालू-बंदची कळ दाबू नये. चालत्या खुर्चीत ती दाबली तर खुर्ची गचकन थांबते आणि बसलेला माणूस पुढे झेपावतो. ती फक्त अडचणीच्या वेळेसाठी. उलट, खुर्चीत बसताना, उतरताना किंवा ताटावर वाकताना कळ बंदच असावी. लुगड्याचा पदर किंवा सदऱ्याची बाही दांडीत अडकून खुर्ची भिंतीवर गेल्याचे आम्ही पाहिले आहे. वेगाची बटणे घरात सर्वांत खाली ठेवावीत. आणि आणखी एक : बसलेल्याच्या हाताखालून दांडी ओढून "मी नेतो" म्हणणारे प्रेमळ नातेवाईक आवरावेत. त्याचे पाय ते आहेत. दुसऱ्याचे पाय धरून कोणी चालवतो काय? उजवा हात दुबळा असेल तर बहुतेक खुर्च्यांत कंट्रोलर डाव्या बाजूस बसवून मिळतो, तसे मागून घ्यावे.

आता खुर्ची अडली तर. पहिले लिव्हर पाहाव्यात. मोकळ्या असल्या तर काही खुर्च्यांत मोटारीचा आवाज येतो पण चाक हलत नाही, काहींत कंट्रोलर चालायलाच नकार देतो. दुसरे, चार्जरची वायर लागलेली आहे काय? ती लागलेली असताना खुर्ची मुद्दाम चालू दिली जात नाही. तिसरे, बॅटरीच्या पेटीजवळ ब्रेकरचे बटण असते ते उडाले आहे काय? विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर ट्रिप होतो तसेच हे. एकदा दाबून पाहावे. पुन्हापुन्हा उडत असेल तर दाबत बसू नये, कुठेतरी वायर घासली आहे. चौथे, कळ लावताना दांडी मध्ये होती काय? ती कलंडलेली असताना कळ लावली तर खुर्ची हलत नाही. दांडी सोडून, कळ बंद करून पुन्हा लावावी.

दिवे सर्वांत जास्त बोलतात. व्हीआर-२ नावाचा कंट्रोलर पुष्कळ खुर्च्यांवर आढळतो, त्याचे सांगतो. त्यावर बॅटरीच्या दिव्यांची रांग असते : लाल, पिवळे, हिरवे. नुसते लाल उरले की लगेच चार्ज करावे. पण रांग भराभर लपलपू लागली तर पेटलेले दिवे मोजावेत. एक असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचा जोड सैल आहे. दोन म्हणजे डाव्या मोटारीचा जोड सुटला आहे, चार म्हणजे उजव्या मोटारीचा. तीन आणि पाच त्याच मोटारींच्या वायरीत शॉर्ट झाल्याचे सांगतात. सहा म्हणजे चार्जर लागलेला असावा, सात म्हणजे दांडीचा दोष, आठ कंट्रोलरचा, नऊ ब्रेकच्या जोडाचा, आणि दहा म्हणजे बॅटरीचा दाब जास्त चढला. दोन, चार आणि नऊ यांत बहुधा प्लग नीट दाबून बसवला की काम भागते. तीन, पाच आणि आठ असेल तर मात्र पेटी उघडू नये, कारागीर बोलवावा. इतर कंपन्यांच्या खुणा वेगळ्या असतात, म्हणून आपल्या खुर्चीच्या पुस्तकातील ते पान फाडून नव्हे, उतरवून कपाटाच्या दारावर चिकटवावे. कारागिरास फोन करताना "चालत नाही" एवढेच सांगू नये. किती दिवे लपलपतात आणि दांडी लोटल्यावर दोन्ही चाकांकडून ब्रेक सुटल्याचा टक् आवाज येतो की एकाच, हे सांगावे. निम्मा वेळ आणि पुष्कळदा त्याच्या येण्याचा खर्चही वाचतो.

पोरांची एक गंमत. व्हीआर-२ ला कुलूप घालता येते. कळ बीप वाजेपर्यंत दाबून धरायची व सोडायची, दांडी बीप होईपर्यंत पुढे, मग बीप होईपर्यंत मागे, आणि सोडली की लांब बीप होऊन खुर्ची बंद. खेळता खेळता पोरे नेमके हेच करतात. मग कळ लावली की वेगाचे दिवे इकडून तिकडे धावतात आणि खुर्ची जागची हलत नाही. उपाय सोपा : कळ लावावी, दांडी पुढे बीप, मागे बीप, सोडावी, लांब बीप ऐकू आली की कुलूप उघडले.

बॅटरीच्या बाबतीत आपण शेतकरी जास्त चुकतो, कारण ट्रॅक्टरची बॅटरी आपल्याला ठाऊक असते. ती इंजिनाला एक दणका देण्यासाठी बनलेली असते. दिवसभर थोडा थोडा प्रवाह देणे तिचे काम नव्हे, आणि तिचे तेजाब सांडते ते वेगळेच. खुर्चीत ती घालू नये, ट्रॅक्टरचा चार्जरही लावू नये. शिशाच्या बॅटऱ्या असतील तर थोडी फिरवली तरी रात्री चार्जला लावावी. वीज जाते-येते तिथे दिवे हिरवे दिसेपर्यंत दिवसाही लावून ठेवण्यास हरकत नाही. उतरलेल्या बॅटऱ्या महिना-महिना तशाच राहिल्या तर कायमच्या बाद होतात. त्या बांधवाच्याही झाल्या असत्या, थोडक्यात वाचल्या. बदलायच्या झाल्या तर दोन्ही एकदम, एकाच बनावटीच्या. एक नवी आणि एक जुनी ही काटकसर महाग पडते. लिथियमची बॅटरी असेल तर तिचाच चार्जर वापरावा.

चढणीवर खुर्ची मध्येच मंदावली तर घाबरू नये. मोटारी तापल्या की कंट्रोलर आपणहून प्रवाह कमी करतो. सपाटीला थांबून निवू द्यावी. घराच्या पायऱ्यांवर फळ्या टाकताना एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरावी. याहून उभा उतार खुर्चीला मागे कलंडवू शकतो.

पाऊस हा दांडीचा वैरी. तिच्या बुडाशी रबराची घडीदार टोपी असते. ती फाटली की पाणी आत जाते आणि खुर्ची आपल्या मनाने वळू लागते. अशा खुर्चीत बसूच नये. रबर आधी बदलावे, ते फार महाग नसते. पावसात कंट्रोलरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. चिखल ओल्या फडक्याने पुसावा, पंपाच्या पाण्याने धुऊ नये. आणि गोठ्याशेजारी किंवा भाताच्या कणगीजवळ रात्री खुर्ची ठेवू नये. उंदरांना आसनाखालच्या वायरी फार आवडतात, आणि सकाळी दिवे मोजून झाल्यावरच ते आपल्याला कळते.